वाकड्या टाक्यांचा राजझगा

मित्रांनो, मी एक जुना राजझगा आहे. राजाचा झगा म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, याने दरबार पाहिले असतील, लढाया पाहिल्या असतील, हत्तीच्या पाठीवरून शहरं न्याहाळली असतील. तसं काही नाही. खरा राजा मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. एका चित्रपटातला राजा मला ल्याला, तोही चार-सहा दिवस. पण तेवढ्या दिवसांत मला असे काही धक्के बसले की मखमलीला काटा येत असता, तर माझ्या अंगावरचा अजून उतरला नसता.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. खोलीला एका बाजूने तीन उंच खिडक्या होत्या. मधोमध कापड बेतायचं टेबल होतं, इतकं मोठं की त्यावर एखादं लग्नाचं वऱ्हाड झोपावं. भिंतींवर कागदाचे साचे टांगलेले असत. दिवसभर सहा मशीनं खडखडत आणि इस्त्रीची वाफ छताला जाऊन चिकटे.

त्या खोलीत तेव्हा एकाच चित्रपटाचं काम चाललं होतं. गोष्ट एका राजाची होती. विसाव्या वर्षी तो गादीवर बसतो, चाळिसाव्या वर्षी लोक त्याला गादीवरून खाली ओढतात, आणि मग परक्या गावात, एका अरुंद जिन्याखाली, घड्याळं दुरुस्त करत तो म्हातारा होतो. तीन तासांचा चित्रपट, शेकडो घोडे, हजारो पोशाख. आणि त्या सगळ्या पोशाखांत मानाचा, तो मी!

मला शिवलं मास्तरीणबाईंनी. त्या शिवणखोलीच्या मुख्य. गेली तीस वर्षं मधल्या खिडकीजवळच्या खुर्चीत त्या बसत. ती खुर्ची साधीच होती, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. पण तिच्यावर दुसरं कुणी बसत नसे. बसायची कुणाची छातीच होत नसे.

खोलीच्या टोकाला पत्र्याचा आडोसा होता. त्याच्या पलीकडे मास्तरीणबाईंचे यजमान काम करत. त्यांना सगळे धूळकाका म्हणत. त्यांचं काम ऐकून मी पहिल्यांदा हबकलोच. बाईंनी शिवलेले कोरे करकरीत कपडे ते जुने करायचे! मित्रांनो, चित्रपटात सैनिक लढाईवरून परत येतो, भिकारी रस्त्यावर बसतो, त्यांचे कपडे दुकानातून आणल्यासारखे दिसले तर तुम्ही हसाल. म्हणून तारेच्या ब्रशने घासून, काचकागदाने झिजवून, चहाच्या पाण्यात बुडवून, चिखल चोळून नव्या कपड्याला म्हातारा करणारा एक माणूस लागतो. तो माणूस म्हणजे धूळकाका.

म्हणजे बघा, बायको नवं करायची आणि नवरा जुनं. तीस वर्षं एकाच छपराखाली हा संसार चालला होता.

"मी चार महिने मान मोडून शिवते," बाई म्हणत, "आणि तुम्ही चार दिवसांत वाट लावता."

"अगं, तू जन्म देतेस, मी आयुष्य देतो. नुसत्या जन्मावर कुणाचं भागलंय?"

"आयुष्य देतात म्हणे! कोपराला भोक पाडून?"

"आयुष्य तिथूनच सुरू होतं बाईसाहेब, कोपरापासून."

सगळी खोली हसे. बाई हसू दाबत सुई चालवत आणि गुणगुणत:

*सुई चाले तुरुतुरु, दोरा धावे मागं मागं,*
*गादीवर बसे राजा, डोळे माझे जागं जागं.*

त्यावर आडोशामागून धूळकाकांचा आवाज येई:

*घासणी चाले खरखरा, जर उडे रानोरान,*
*गादीवरून उतरे राजा, झग्याला मग कुठला मान!*

मला त्या दुसऱ्या ओळींची भीती वाटे. पण मी स्वतःची समजूत घाली. काकांच्या टेबलावर जायला माझा भाऊ होता ना!

हो, मला एक जुळा भाऊ होता. एकाच ताग्यातली डाळिंबी मखमल, तीच सोनेरी जर, तोच घोळदार घेर. मी राज्याभिषेकासाठी, तो पदच्युतीसाठी. राजाला राजवाड्याच्या पायऱ्यांवरून लोक खाली लोटतात, त्या वेळी झगा वीस वर्षं वापरून विटलेला दिसायला हवा. आणि पायऱ्यांवरून खरोखर गडगडणार होता तो राजाचं काम करणारा नट नाही, त्याच्या जागी उडी घेणारा एक धिप्पाड गडी. म्हणून भावाचे खांदे माझ्यापेक्षा चार-चार बोटं रुंद बेतले होते. बाकी आम्हा दोघांना शेजारी टांगलं तर तुम्ही ओळखलंच नसतं.

आधी भाऊ शिवून झाला, कारण कपडा जुना करायला वेळ लागतो. पण नेमके तेव्हापासून धूळकाका तीनशे सैनिकांचे गणवेश मळवायला दूरच्या माळावर जाऊ लागले; खोलीत येत ते एखाद-दोन दिवसांपुरते. भाऊ कपाटात टांगलेला राहिला. मग बाईंनी मला शिवायला घेतलं. पुढचे सहा महिने मी त्यांच्या मांडीवर होतो.

त्या सहा महिन्यांची मला कोण ऐट होती! बाई मला अशा जवळ घेत, अशा जवळ घेत, की त्यांच्या पापण्या माझ्या मखमलीला लागत. कधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येई आणि माझ्या काठावर टपकन पडे. मला वाटे, ही माया. भावाला काही त्यांनी असं गालाशी धरलं नव्हतं. मी कपाटाकडे बघून मनात म्हणे, बघ रे, बघ!

एक दिवस राजा माप द्यायला आला. मी सगळ्या घड्या सावरून वाट पाहत होतो. दार उघडलं आणि आत आला एक टकलू, निळ्या रबरी चपला घातलेला, खोकल्याची गोळी चघळणारा गृहस्थ. हाच माझा राजा? मला घेरीच यायची राहिली. सगळे त्यांना थट्टेने राजेसाहेब म्हणत.

"बाई, ही मखमल फार उकडते हो," मला अंगावर घेत ते म्हणाले. "राजे लोक घाम पुसायला काय वापरायचे?"

"प्रजा," आडोशामागून धूळकाका म्हणाले. माळावरचं काम संपवून ते नुकतेच परत आले होते.

राजेसाहेब इतके हसले की गोळी घशात अडकली. पण मग ते आरशासमोर ताठ उभे राहिले, हनुवटी उचलली, आणि मित्रांनो, तो टकलू गृहस्थ गेला कुठे ते मला कळलंच नाही. माझ्या आत एक राजा उभा होता. मी त्यांच्या खांद्यांवर असा बसलो, जणू तिथेच उगवलो होतो. बाईंनी दोन्ही हातांनी माझे खांदे चाचपले आणि म्हणाल्या, "झालं."

राज्याभिषेकाला दोन दिवस उरले होते.

आता जे घडलं ते सांगताना माझा घेर अजून थरथरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघांना इस्त्रीला काढलं. वाफेने शाई पसरते, म्हणून गळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या काढून बशीत ठेवल्या. इस्त्री झाली, आम्ही पुन्हा शेजारी शेजारी टांगलो गेलो. चिठ्ठ्या बशीतच राहिल्या. बाई दुसरीकडे दरबाऱ्यांची मापं घ्यायला गेल्या होत्या. धूळकाका आले, आमच्या दोघांकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि खांदे उडवले. त्यांना चिठ्ठीची गरज कसली? बायकोचा हात ते तीस वर्षं ओळखत होते.

त्या दोघांत एक जुना करार होता. जो कपडा काकांच्या टेबलावर जायचा, त्याच्या घेराच्या दुमडीला बाई बारीक टाके घालत नसत. "तुमच्या हातून मरायचंय त्याला," त्या म्हणत, "मी कशाला डोळे फोडू?" चांगल्या कपड्याची दुमड मात्र अशी, की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. त्यामुळे कपडा उलटा करून दुमड पाहिली की काकांना कळे, हा आपला की नाही.

काकांनी भावाची दुमड उलटून पाहिली. मुंग्यांची रांग. एकही मुंगी इकडची तिकडे नाही.

मग माझी पाहिली. टाके कुठे लांब, कुठे आखूड. एक वर चढलेला, एक खाली घसरलेला. मध्ये एके ठिकाणी तर वाट चुकल्यासारखे वळसा घेऊन आलेले.

"हां, हा माझा गडी," काका खुशीत म्हणाले, आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

मी ओरडत होतो हो! अहो काका, मी अभिषेकाचा! माझ्या खांद्यांची रुंदी बघा! पण मखमलीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्यांनी मला टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि तारेचा ब्रश उचलला.

पहिला फटका उजव्या कोपरावर बसला. माझी मऊ लव चर्रकन उपटून आली. मग काचकागद. मग कोमट चहाचं पाणी, मग राख, मग मेण आणि माती. जर कात्रीच्या पात्याने खरवडली गेली. आणि हे सगळं करताना तो माणूस माझ्याशी किती प्रेमाने बोलत होता!

"हे बघ, राजा तलवार डावीकडे लावतो, म्हणून इथे घासायचं. खाऊन झालं की चोरून हात पुसतो, तो इथे. विचार करताना गळ्याशी चाळा करतो, म्हणून ही जर गेली. बस, आता वीस वर्षं राज्य केलंस तू एका सकाळीत."

वीस वर्षं! आणि मी एक दिवसही राज्य केलं नव्हतं.

दुपारी मास्तरीणबाई परत आल्या. पाठोपाठ वेशभूषेच्या ताई आल्या. ताईंनीच आमची चित्रं आधी कागदावर काढली होती आणि सगळ्या पोशाखांची जबाबदारी त्यांच्यावर होती. "उद्या सकाळी सात वाजता अभिषेक," त्या दारातूनच म्हणाल्या. "आठशे माणसं बोलावली आहेत. झगा संध्याकाळी नेते." आणि आल्या पावली गेल्या.

बाईंनी कपाट उघडलं. उरलेल्या झग्याच्या खांद्यांवर हात फिरवला. वीत टाकली, बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "दुसरा कुठाय?"

"माझ्याकडे. झाला की अर्धा! ये, बघ कसा म्हातारा झालाय."

बाई आडोशामागे आल्या. टेबलावर हात ठेवला. हात माझ्या कोपरावर पडला, झिजलेल्या, टक्कल पडलेल्या कोपरावर, आणि तिथेच थिजला. सरकत सरकत खांद्यांपर्यंत गेला. बोटं मोजली.

"हा अभिषेकाचा होता."

काकांच्या हातातला ब्रश खाली पडला. सहाही मशीनं थांबली.

"काहीतरीच काय," काका म्हणाले. "मी दुमड पाहिली ना. त्याची एक नंबर होती. याचे टाके वाकडे आहेत."

बाईंची बोटं माझ्या खांद्यावरून हलली नाहीत.

"अगं, वाकडे आहेत! हे बघ की! बघ!" त्यांनी माझा घेर उचलून बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. बाईंनी बघायला मान वळवली. घेर एका बाजूला होता आणि त्या भलतीकडेच बघत होत्या.

काकांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी राग होता, मग गोंधळ. आणि मग एकेक गोष्ट त्यांना आठवत गेली असावी, कारण एकेक आठवण आली तसा तो चेहरा उतरत गेला.

"म्हणून रिळं ओळीनं लावतेस? कुणी हलवलं की चिडतेस?"

"हं."

"त्या दिवशी भाजीवाल्यासमोर मला पुढे केलंस. जिन्यावर माझा हात धरतेस. मला वाटलं..." ते अडखळले. "मला वाटलं, या वयात लाडात आलीस."

"तेही होतं थोडं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पहिला झगा शिवताना कळलं, नजर जातेय म्हणून. म्हणून त्यात सगळं ओतलं. पुन्हा जमेल न जमेल. मरायचा होता तो, तरी त्याला मुंग्या घातल्या. दुसरा सगळा चाचपून शिवलाय. बोटांनी."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं. ती पापणी माझ्या मखमलीला लागायची ती मायेने नव्हे. टाका दिसावा म्हणून. डोळ्यांतलं पाणी माझ्या कौतुकाचं नव्हतं, डोळे फोडून बघण्याचं होतं. आणि मी कपाटातल्या भावासमोर ऐट करत होतो!

"राजाचं कोपर कुठे झिजतं ते मला कळतं," काका स्टुलावर बसत म्हणाले. "आणि माझ्याच घरात..." त्यांनी जोरात नाक ओढलं.

"रडायचं नंतर," बाई म्हणाल्या. "आठशे माणसं उभी राहतील उद्या. त्या दुसऱ्याचे खांदे आत घ्यायला हवेत. चार-चार बोटं. त्यावरची जर उसवून पुन्हा भरायला हवी. आणि ताईंना आज काही सांगायचं नाही. कळलं तर मला ही खुर्ची सोडावी लागेल."

"सांगायला हवं."

"उद्याचा दिवस जाऊ दे. मग मीच सांगेन."

भावाला टेबलावर आणलं. मी बाजूच्या खुंटीवर, अर्धवट म्हातारा, सगळं बघत होतो. सुई धूळकाकांच्या हातात होती. ज्या हातांनी आयुष्यभर फाडलं, विटवलं, भोकं पाडली, ते हात जर भरायला बसले होते. बाई शेजारी, त्यांची बोटं काकांच्या बोटांच्या पुढे पुढे चालत होती.

"इथून घाला. एक तांदूळभर पुढे. नाही, फार झालं."

"तांदूळ कुठला धरायचा? आखूड की लांब?"

"तुमच्या नाकाएवढा नको, म्हणजे झालं."

बाकीच्या शिवणाऱ्या बायका आपापली कामं सोडून भोवती उभ्या राहिल्या. कुणी दिवा धरला, कुणी अस्तर ताणून धरलं. कुणी एक अक्षर बाहेर काढलं नाही. उन्हं उतरता उतरता शेवटची गाठ पडली. ताई आल्या, झगा वर धरून पाहिला, खांद्यापाशी क्षणभर थबकल्या. पण त्यांना वेळ नव्हता. "सुरेख," म्हणाल्या आणि घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ राजा झाला. तुतारीचा आवाज खिडकीतून येत होता. आठशे माणसं एकदम वाकली, तेव्हा कपड्यांची जी सळसळ होते, ती मी खुंटीवरून ऐकली. ती सळसळ माझ्यासाठी असायची होती.

दुपारी ताई धावतच आल्या. गाल लाल झाले होते. "मास्तरीणबाई! राजेसाहेब झगा घालून आले आणि दिग्दर्शक खुर्चीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, आता सिंहासन नसलं तरी चालेल. पुढच्या चित्रपटाचंही सगळं काम तुमच्याकडेच. मी शब्द दिलाय."

बाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना फक्त 'बरं' म्हणायचं होतं. दोन अक्षरं, आणि खुर्ची त्यांचीच राहिली असती. मला वाटलं, म्हणतीलच.

"ताई," बाई म्हणाल्या, "मला दिसत नाही."

ताई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यांचं हसू विरलं. "म्हणजे? किती?"

"तुम्ही निळ्या आहात की हिरव्या, तेही सांगता येत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत? सहा महिने? बाई, अहो मी रोज येत होते इथे!" ताईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला.

"सांगितलं असतं," बाईंनी शांतपणे विचारलं, "तर झगा माझ्याकडे ठेवला असतात?"

ताई बाईंच्या खुर्चीशेजारी खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी ताईच बाईंना आपल्या गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. संध्याकाळी धूळकाका एकटे आडोशामागे आले; खिडकीजवळची खुर्ची आता रिकामीच राहणार होती. मला टेबलावर घेतलं. माझं अर्धं म्हातारपण अजून बाकी होतं. ते हळूहळू घासू लागले आणि नेहमीसारखे माझ्याशी बोलू लागले.

"डोळ्याच्या आतली नस सुकतेय म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. उरलीय ती औषधानं टिकेल. सावल्या दिसतील." ब्रश थांबला. "सहा महिने आधी आणलं असतं, तर निम्मी नजर वाचली असती म्हणाले. सहा महिने."

सहा महिने. मित्रांनो, ते सहा महिने कुठले होते, हे त्या टेबलावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं, आणि तारेचा ब्रश जे करू शकला नव्हता ते त्या दोन शब्दांनी केलं. ते सहा महिने म्हणजे मी होतो! त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मी पुरा व्हावा म्हणून डॉक्टरांकडे गेल्या नव्हत्या. राजाला गादीवरून कुणी उतरवलं ते चित्रपटात सगळ्यांना दिसतं. मास्तरीणबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीवरून कुणी उतरवलं, ते कुणालाच दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर कुणाच्याही खांद्यावर चढण्याआधी मी एका माणसाला पदच्युत केलं होतं.

महिन्याभराने माझं चित्रीकरण झालं. पण त्या धिप्पाड गड्याच्या खांद्यांवर मी चढेचना! शिवण उसवायला लागली. शेवटी राजेसाहेबांनाच पायऱ्यांवरून पडावं लागलं.

"गादीवरून काढता ते ठीक आहे हो," ते घाबरून म्हणाले, "पण जिवावरून कशाला काढता?"

खाली गाद्या अंथरल्या होत्या, तरी त्या पडण्यात त्यांच्या चेहऱ्यावर आली ती भीती खरी होती. एका सैनिकाचा बूट माझ्या घेरावर पडला. काठ उलटला. कॅमेरा अगदी जवळ होता.

चित्रपट लागला आणि गाजला. तो क्षण सगळ्यांच्या तोंडी झाला. राजाचे घाबरलेले डोळे, आणि बुटाखाली उलटलेला झग्याचा काठ. वर्तमानपत्रांत जाणत्या लोकांनी लिहिलं, 'राज्य ढासळत गेल्याचं झग्याच्या टाक्यांमधूनही दाखवलं आहे. केवढा हा बारीक विचार!' वेशभूषेला मोठं बक्षीस मिळालं. ताईंनी बक्षीस घेताना मास्तरीणबाईंचं काम सर्वांसमोर सांगितलं, डोळ्यांचंही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि टाक्यांचंच लक्षात ठेवलं.

माझा भाऊ पुढे दुसऱ्या कुठल्या चित्रपटासाठी कापला गेला, त्याच्या उशांच्या खोळी झाल्या असं ऐकतो. मी मात्र एका प्रदर्शनात, काचेच्या पेटीत आलो. सरळ टाक्यांच्या खोळी झाल्या आणि वाकड्या टाक्यांना काचेची पेटी मिळाली. याचं आश्चर्य करावं की याला रडावं, मला ठरवता येत नाही.

मागच्या आठवड्यात ते दोघे मला बघायला आले. बाईंच्या हातात काठी होती. काका त्यांना काचेपाशी घेऊन आले. माझ्या पायाशी एक पाटी आहे. काका ती मोठ्याने वाचू लागले, "या झग्याचे टाके मुद्दाम वाकडे घालण्यात आले असून..." आणि थांबले.

"वाचा की पुढे," बाई म्हणाल्या.

"पुढे कौतुक आहे."

"कुणाचं?"

"टाक्यांचं."

बाईंनी काचेवर हात ठेवला. शाळेची मुलं भोवती गर्दी करून उभी होती. त्यांच्याकडे तोंड करून बाई म्हणाल्या, "मुद्दाम नाही रे बाळांनो. मला दिसत नव्हतं. आणि मी सांगितलं नाही."

"आजी, शू!" प्रदर्शनाचा रखवालदार म्हणाला. "इथे हळू बोलायचं असतं."

मुलं पुढच्या पेटीकडे वळली. एक मुलगी तेवढी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग शिक्षकांनी तिला पुढे नेलं. ते दोघेही हात धरून निघून गेले. पाटी अजून तशीच आहे.

म्हणून मी बोलतोय. मित्रांनो, तुमच्या घरी आई, आजी, काका, कुणीतरी कधी म्हणेल, "जरा एवढा दोरा ओवून दे रे." तुम्ही ओवून द्या. पण दिला की लगेच खेळायला पळू नका. दोन क्षण थांबा, त्यांच्या डोळ्यांत नीट बघा, आणि विचारा, कधीपासून दिसत नाही? ते म्हणतील, काही नाही, सहज सांगितलं. तरी पुन्हा विचारा. आणि उत्तर खरं निघालं, तर त्यांच्या हातातलं काम काढून घ्यायची घाई करू नका. त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. काम थांबतं थोडं. झगा आठ दिवस उशिरा झाला तर कुठला राजा अडून राहत नाही.

मी तर त्यांच्या मांडीवर होतो, त्यांच्या डोळ्यांच्या सगळ्यांत जवळ. पण आम्हा वस्तूंना वाचा फुटते ती अशी, सगळं होऊन गेल्यावर. तुम्हाला मात्र वेळेवर बोलता येतं.